जुनी आरएस४ अवांत घेताय? मग पैसे द्यायच्या आधी हे बघा

आपल्याकडे टाटा इस्टेट आली नि गेली, लोकांना ती मागे लांबट, मोठ्या डिकीची बॉडी कधी पटलीच नाही. पण यूकेत राहायला आलं, पोरं झाली, प्रॅम आणि आठवड्याचं सामान एकत्र भरायची वेळ आली की एस्टेटचं महत्त्व कळतं, आणि ज्याला गाडीचा किडा आहे तो ऑटो ट्रेडरवर (गाड्यांच्या जाहिरातींची साइट) स्क्रोल करत करत शेवटी ऑडी आरएस४ अवांतवर (अवांत म्हणजे ऑडीचं एस्टेटचं नाव) येऊन थांबतोच. मी बोलतोय २००६ ते २००८ च्या बी७ मॉडेलबद्दल. ४.२ लिटर व्ही८, टर्बो वगैरे काही नाही, ४२० हॉर्सपॉवर, ८२५० आरपीएमपर्यंत फिरतं, गिअरबॉक्स फक्त मॅन्युअल. नवी असताना ५० हजार पौंडांच्या घरातली गाडी होती, आता किंमत उतरलीये पण पार्ट आणि लेबर त्या ५० हजारवाल्या गाडीचेच लागतात, तेव्हा बजेट त्या हिशोबाने धरा.

बघायला जायच्या आधी नंबरप्लेट सरकारी साइटवर टाका, एमओटीचा, म्हणजे गाडीच्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, सगळा इतिहास फुकट दिसतो. पास-फेलपेक्षा खाली लिहिलेल्या ॲडव्हायजरी, म्हणजे लवकरच लक्ष द्यायच्या गोष्टी, वाचा. शॉक ॲब्झॉर्बरमधून तेल येतंय, पाइप गंजलाय, असं एकच वाक्य दोन-तीन वर्षं रिपीट होत असेल तर मालक खर्च पुढे ढकलतोय, आणि तो तुमच्याच गळ्यात मारणार. रजिस्ट्रेशनची तारीखपण बघा. २३ मार्च २००६ किंवा त्यानंतर नोंदलेली असेल तर रोड टॅक्स सगळ्यात वरच्या बँडचा, वर्षाला ७०० पौंडांच्या वर. लंडनवाल्यांनी युलेझचं (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना रोजचा चार्ज लावणारा झोन) टेन्शन घेऊ नका, युरो ४ प्रदूषण नियमातली पेट्रोल गाडी चालते.

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नको. बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर का ते विचारा. थंड इंजिन चालू केल्यावर सेकंद-दोन सेकंद आवाज आला तर ठीक, पण मागच्या बाजूने, म्हणजे केबिनकडून, खडखड येतच राहिली तर थँक्यू म्हणून निघा, कारण टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे आणि तिथपर्यंत पोचायला इंजिनच बाहेर काढावं लागतं. त्याच काळातल्या ऑडी एस४ च्या व्ही८ ला हा त्रास खूप होता, आरएस४ ला त्यामानाने कमी, पण कमी म्हणजे शून्य नाही.

आता कार्बन. सगळे याच्याच नावाने ओरडतात. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, हवा आत सोडणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हला ते लागतच नाही, त्यामुळे क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या भागातून) येणारी तेलाची वाफ तिथे बसते आणि भाजून घट्ट होते, किचनमधल्या एक्झॉस्ट फॅनवर चिकट थर चढतो ना तसं. थर वाढला की हवा कमी जाते आणि डायनोवर (पॉवर मोजायचं मशीन) ४२० च्या जागी ३७०-३८० दिसतात. टाकीत क्लीनर ओतून काहीही होत नाही, कारण पेट्रोल तिथे पोचतच नाही हे वर सांगितलंच. इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पोचवणारा भाग) काढून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा प्रेशरने मारून साफ करतात. खर्च आहे, आणि काही वर्षांनी परत करावं लागतं, पण ते एक मेन्टेनन्सचं काम समजा, त्यासाठी चांगली गाडी सोडू नका. शेवटचं कधी केलं त्याचं बिल मात्र मागा. मॅनिफोल्ड निघतोच आहे तर आतल्या फ्लॅपची लिंकेजपण बघून घ्यायला सांगा, तीपण सैल होते.

मला विचाराल तर खिशाला जास्त चाट लावतं ते डीआरसी (डायनॅमिक राइड कंट्रोल) सस्पेन्शन. यात कोपऱ्यातले शॉक ॲब्झॉर्बर तिरके जोडलेले असतात, पुढचा डावा मागच्या उजव्याला, पाइपातून तेल फिरतं, त्यामुळे वळणावर गाडी कलत नाही. आयडिया भारी, पण गळतं. एक शॉक गेला की त्या जोडीचं प्रेशर गेलं, आणि परत भरायला खास मशीन लागतं जे कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे नसतं. चाकामागे टॉर्च मारून बघा, शॉकवर ओलं तेल दिसतं का. चालवताना स्पीडब्रेकरवर एका कोपऱ्यातून ठक-ठक येतं का ते ऐका. बरेच मालक वैतागून हे सगळं काढतात आणि साधे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला सेट) बसवतात. अशी गाडी असेल तर नाक मुरडू नका, ब्रँड आणि बिल बघा, मला तर ती उलट बरी वाटते.

खाली वाकलाच आहात तर समोरच्या बंपरच्या खालच्या जाळ्यांमागे बघा. तिथे कूलर आहेत, खडे लागून आणि हिवाळ्यातल्या मिठामुळे ते आणि त्यांचे पाइप सडतात. पुढचे वरचे कंट्रोल आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारे दांडे) स्वस्त आहेत पण त्यांचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असा काही जाम होतो की पार्टपेक्षा लेबर महाग पडतं. काचेखालच्या पन्हळीत पानं साचली असतील तर पाणी आत शिरतं, ती तिथल्या तिथे हाताने काढून बघा.

टेस्ट ड्राइव्हला इंजिन नीट तापू द्या, मग चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण थ्रॉटल. आरपीएम चढतोय पण स्पीड नाही, म्हणजे क्लच गेलाय, आणि त्यासोबत फ्लायव्हीलचंही बिल येऊ शकतं. मोटरवेवर जोरात ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या ब्रेक डिस्क खराब. त्या ३६५ मिलिमीटरच्या आहेत, किंमत आधी ऑनलाइन बघा मग भाव करा. स्टिअरिंगवरचं एस बटण दाबून आवाज बदलतो का तेपण बघा, नाही बदलला तर एक्झॉस्टचे फ्लॅप जाम असतील.

हे इंजिन तेल पितं, म्हणून डिपस्टिक स्वतः काढून बघा आणि किती मैलांनी टॉप-अप करता ते विचारा. "कधीच नाही" असं उत्तर आलं तर तो खोटं बोलतोय किंवा त्याने कधी बघितलंच नाही.

आणि एक, पुण्याला परत जाताना गाडी बरोबर नेऊ असा विचार असेल तर सोडून द्या, तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी भारतात आयात करता येत नाही.