आजोबांची तब्येत नीट तपासायची कशी?

कोल्हापुरात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला “तब्येत कशी आहे?” असं विचारू नका. “मला काय धाड भरलीया?” म्हणतील, अन् विषय संपला. माझ्या दवाखान्यात मी दिवस कसा जातो ते विचारते. आंघोळ स्वतः करता? संडासला बसून उठता येतं? बाजार, पेन्शन, मोबाईल कोण बघतं? गडबड सहसा या बाहेरच्या कामांत आधी दिसते. आंघोळ-जेवण बरंच नंतर सुटतं.

दाखवायला आणताना घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. चूर्णं, डोळ्यांचे थेंब, मेडिकलमधून परस्पर आणलेली गुडघेदुखीची गोळीसुद्धा. अशा बऱ्याच गोळ्यांनी बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो. मग त्या बीपीसाठी आणखी एक गोळी. एका आजींच्या पिशवीत एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी निघालं, दोन्ही रोज चालू! मात्र स्वतःच्या मनानं काही बंद करू नका.

मग चाल. माझा सगळ्यात भरवसा हिच्यावर. नेहमीची चप्पल, नेहमीची काठी. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीनं दहा फूट जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरा. पण घड्याळापेक्षा माणसाकडे बघा. उठताना हातांनी रेटा दिला? वळताना भिंत शोधली? तळ झिजून गुळगुळीत झालेलं कोल्हापुरी पायताण असेल, तर ते आधी बदला. (रागावतील. रागावू देत.)

बीपी नुसतं बसवून मोजून भागत नाही. पाच मिनिटं झोपवून मोजा, उभं केल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा 20नं किंवा खालचा 10नं उतरला, तर डॉक्टरांना सांगा.

स्मरणासाठी तीन शब्द सांगा, कागदावर घड्याळाचं चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावा, मग ते शब्द परत विचारा. त्याआधी कानातला मळ तपासून घ्या. ऐकूच आलं नसेल, तर विसरले कसं म्हणायचं?

साठ किलोच्या माणसाचं वर्षात आपसूक तीन किलो उतरलं, तर कारण शोधायलाच हवं. रविवारचा तांबडा-पांढरा नकोसा झाला असेल, तर आधी कवळी बघा.

लघवी आणि मनाची उदासी यांबद्दल मुला-सुनेला बाहेर बसवून विचारावं.

आणि त्यांना काय करायचंय, तेही. एका आजोबांना जोतिबाच्या पायऱ्या चढायच्या होत्या. मी कागदावर मांड्यांचा व्यायाम पहिला लिहिला, गोळ्या त्याच्याखाली.