लाट उभारायची तर आधी धोंडा जुळवा

आमची विहीर खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. वेंगुर्ल्याच्या बाजूला अशा विहिरी पुष्कळ. वर गोडं पाणी तरंगतं आणि खाली खारं असतं. पंप बसवला तेव्हा पहिली दोन वर्षं फार सुखात गेली. बटण दाबलं की अर्ध्या तासात मळा भिजायचा. तिसऱ्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला मुळ्याची पानं कडेने करपायला लागली. मामंजींनी विहिरीवर जाऊन ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. "मचूळ झाला गो," एवढंच म्हणाले.

झालं होतं असं, की पंप ज्या वेगाने ओढत होता त्या वेगाने झऱ्यातून गोडं पाणी येत नव्हतं. वरचा थर उपसला गेला की खालचं खारं वर सरकायचं. त्या वर्षी आम्ही पंप बंद ठेवला आणि गोठ्यामागे पडलेली, विहिरीतून पाणी उपसायची जुनी लाट बाहेर काढली. ती वाळवीने खाल्ली होती, म्हणून नवीच करावी लागली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. आज पाच गुंठे मळा मी तिच्यावर भिजवते: लाल माठ, मुळा, वांगी, मिरची, चार वेल पडवळाचे. ज्यांना करायची असेल त्यांच्यासाठी सगळं मोकळेपणाने लिहिते आहे.

लाट म्हणजे खांबावर तोललेला लांब वासा. एका टोकाला दांडी आणि दांडीला पाण्याचं भांडं, दुसऱ्या टोकाला धोंडा. उत्तरेत हिला ढेंकली म्हणतात. नाईलच्या काठी हीच शादूफ, आणि तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांच्या भिंतींवरही तिचं चित्र आहे. एवढी जुनी वस्तू अजून टिकून आहे, कारण तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच.

आधी विहीर बघा. मे महिन्यात पाणी काठापासून १२-१३ फुटांपेक्षा खाली जात असेल तर लाटेच्या नादाला लागू नका. तिथे रहाटच हवा, बैलाचा किंवा दापोली-गुहागरकडच्या आगरांत असायचा तसा पायरहाट. आमच्याकडे दिवाळीत पाणी चार-पाच फुटांवर असतं आणि मार्चअखेर अकरावर जातं. लाटेला हे झेपतं. उभारण्याची वेळ म्हणजे भात झोडून झालं आणि मळ्याचे वाफे पडायचे आहेत ते दिवस. तुळशीच्या लग्नापर्यंत लाट उभी राहिली पाहिजे.

वासा सुरूचा घ्या. २० फूट लांब, बुंध्याशी माणसाच्या मांडीएवढा आणि शेंड्याकडे निमुळता. पोफळीचा वासा हलका असतो आणि फुकट मिळतो, म्हणून पहिल्यांदा तोच घेतला होता, पण पोफळ आतून मऊ असते आणि ऐन मध्यावर उभी चिरते. बांबू चालतो, पण आमच्याकडचा माणगा या कामाला बारीक पडतो. माणगा दांडीसाठी ठेवा. तो आतून जवळजवळ भरीव, सरळ आणि हाताला गुळगुळीत असतो. दांडीला याहून चांगलं लाकूड मला तरी माहीत नाही. दांड्या दोन करा: जानेवारीपर्यंत आखूड, पुढे पाणी खाली गेलं की लांब. पहिल्यापासून लांब दांडी लावली तर ती डोक्यावर नाचत राहते आणि दिवसभरात खांदे भरून येतात.

खांब दोन, मध्ये वीतभर अंतर. आमचे चिऱ्याचे आहेत, जमिनीवर सात फूट आणि खाली दोन. लाकडाचे करायचे तर खैर किंवा ऐन बघा. आंब्याचं लाकूड मातीत पुरू नका, एका पावसात त्याचा भुगा होतो. दोन्ही खांबांच्या माथ्यातून आडवा आस जातो. आमचा आस सव्वा इंची लोखंडी पाइपचा आहे. खारा वारा लोखंडाला सोडत नाही, त्यामुळे त्याला वंगण हवंच. मामंजी उंडीचं तेल लावायला सांगतात, ज्याला इकडे कडू तेल म्हणतात. आठवड्याला चार थेंब पुरतात. आस कोरडा पडला की लाट कुरकुरायला लागते. ती कुरकुर ऐकून शेजारच्या काकी अजून सांगतात, "लाट तेल मागतासा."

आता पहिली मोठी चूक. आस बसवायला मी सुताराकडून वाशालाच आरपार भोक पाडून घेतलं. दिसायला सुबक दिसलं. चौथ्या दिवशी सकाळी भरलेलं भांडं वर येत असताना वासा त्या भोकापाशी कडाड करून मोडला. मी काठावर होते, पाण्यात नाही गेले, हे नशीब. जिथे सगळा भार येतो नेमकं तिथलंच लाकूड आपण काढून टाकलं होतं. वाशाला भोक पाडायचं नाही. खैराचा हातभर ठोकळा घ्यायचा, त्याला भोक पाडायचं आणि तो ठोकळा वाशाच्या पोटाशी धरून वरून तारेने सात-आठ वेढे घट्ट आवळायचे. आस ठोकळ्यातून जातो, वासा अखंड राहतो. वर्षभराने वासा पुढेमागे सरकवावासा वाटला तर तार सोडून तेही करता येतं.

ठोकळा कुठे बांधायचा? बुंध्याकडून सात फुटांवर. म्हणजे विहिरीकडे तेरा फूट, मागे सात. बुंधा मागे ठेवायचा, म्हणजे लाकडाचं वजनही धोंड्याला मदत करतं.

खांबाची जागा ठरवताना घाई करू नका. लाट आडवी असताना तिचं टोक विहिरीच्या मधोमध यायला हवं, म्हणजे खांब विहिरीच्या मध्यापासून साधारण १२-१३ फुटांवर. पण टोक सरळ वर-खाली जात नाही, ते कमानीत फिरतं. लाट वर गेली की टोक खांबाच्या दिशेने दोन-तीन फूट सरकतं आणि भांडंही त्याच्याबरोबर सरकतं. म्हणून पाणी ओतायची दोण खांबाच्या अंगाला ठेवायची. मग वर आलेलं भांडं आपण होऊन दोणीकडे येतं, नुसतं कलतं करायचं. आमची दोण आधी विहिरीच्या पलीकडे होती, कारण मळा तिकडे आहे. प्रत्येक वेळी भरलेलं भांडं उलट्या दिशेला ढकलावं लागायचं. आठ दिवसांत कंबर धरली. मग दोण अलीकडे आणली आणि पाट विहिरीला वळसा घालून नेला. पाण्याला वळसा पडला तर चालतो, माणसाच्या कमरेला नको.

आता धोंडा. सगळी लाट यात आहे, म्हणून इथे नीट लक्ष द्या.

बहुतेकांना वाटतं की धोंडा जितका जड तितकं पाणी वर यायला सोपं. पाणी वर येतंही भराभर, पण रिकामं भांडं खाली न्यायला अंगाची सगळी ताकद लागते. धोंडा हलका असला तर उलट होतं: भांडं आपोआप बुडतं आणि वर खेचताना हात तुटतात. खरं माप या दोन्हींच्या मधलं. धोंड्याने रिकामं भांडं, दांडी आणि अर्धं पाणी तोलायचं. उरलेलं अर्धं पाणी माणसाच्या वाट्याला, एकदा खाली जाताना आणि एकदा वर येताना.

हे मोजायला काटा लागत नाही. दांडीला भांडं बांधा, त्यात अर्धंच पाणी भरा आणि हवेत अधांतरी टांगा. मागे दगड चढवत जा. लाट आडवी राहिली, हाताने थोडी वर केली तर वर थांबली, खाली केली तर खाली थांबली, की धोंडा जुळला. आमचं भांडं चौदा लिटरचं. रिकामं भांडं आणि दांडी मिळून चार किलो, अर्धं पाणी सात किलो, असे अकरा किलो पुढच्या टोकाला. पुढचा हात मागच्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून मागे वीस-एकवीस किलो तरी हवेत. त्यात लांब हाताच्या लाकडाचं वजन धरून प्रत्यक्षात पंचवीसवर जुळलं. तुमचा वासा वेगळा, तुमचा आकडा वेगळा येईल. लांब दांडी लावली की वजन वाढतं, तेव्हा मागे एक लहान दगड वाढवायला विसरू नका.

एकच मोठा धोंडा बांधण्यापेक्षा काथ्याचं शिंकं विणून त्यात जांभ्याचे पाच-सहा तुकडे ठेवणं चांगलं, कमी-जास्त करता येतं. दुसऱ्या खेपेला आम्ही नायलॉनच्या दोरीने एकच धोंडा आवळला होता. नायलॉन गुळगुळीत, गाठ हळूहळू सरकत गेली आणि एका दुपारी धोंडा निसटला. मागे कोणी नव्हतं. धोंडा सुटताच पुढचं टोक विहिरीत आपटलं आणि दांडी माझ्या हातातून सपकन गेली, तळव्याची साल निघाली. तेव्हापासून शिंक्याखालून तारेचा एक वेढा घेते, आणि धोंड्याच्या बाजूला चार फूट जागेला कुडाचा आडोसा केला आहे. तिथे पोरं, वासरं, कोंबड्या, कोणीच जाता कामा नये. हे अगदी कळकळीने सांगते आहे.

भांडं पूर्वी लाकूड कोरून केलेलं कोळंबं असायचं. आमच्या घरातलं कोळंबं आता तडे जाऊन फक्त आठवणीला उरलं आहे. मी तेलाचा पत्र्याचा डबा वापरते. डब्याच्या तोंडात आडवी लाकडी पट्टी ठोकायची आणि दांडी त्या पट्टीला सैल खिळ्याने जोडायची, घट्ट नाही. सैल असली की डबा दोणीच्या कडेला टेकताच स्वतः कलतो. डब्याच्या एका कडेला आतून मूठभर वजनाचा खडा तारेने बांधा. मग पाण्यावर तो तरंगत बसत नाही, त्या बाजूने गपकन बुडतो.

ओढायला उभं राहायची जागा विहिरीच्या कडेला हवी. जुन्या पद्धतीत विहिरीवर माडाचं खोड आडवं टाकून त्यावर उभं राहत. खोडावर शेवाळ धरतं, मी ते धाडस केलं नाही. काठालाच चिऱ्यांचा ओटा केला, त्यावर राखाडी खरखरीत कोबा आणि गुडघ्याएवढा कठडा.

पहिल्या दिवशी मी हातांनी ओढत होते. अर्ध्या तासात दंड थरथरायला लागले. मामंजी पडवीत बसून बघत होते. उठून आले आणि म्हणाले, "पाणी हातान वडूचा नाय गो, आंगान वडूचा." त्यांनी ऐंशीच्या वयात दांडी धरून दाखवली. दोन्ही हात डोक्याच्या उंचीवर दांडीवर ठेवायचे, एक पाय पुढे, आणि गुडघे मोडून अंगाचा भार दांडीवर सोडायचा. ढकलायचं नाही, टांगून घ्यायचं. भार गेला की दांडी हातांतून सरकू द्यायची आणि पुन्हा वर धरायची. डबा बुडाला की एक क्षण थांबायचं, तोंडापर्यंत भरू द्यायचा. मग गुडघे सरळ करत उठायचं. धोंडा उचलतो, आपण फक्त वाट दाखवतो. त्यांच्या हातात दांडीचा आवाजसुद्धा वेगळा यायचा, एकसारखा सर्रर्र, आणि डब्यातून पाणी सांडायचं नाही.

मिनिटाला चार डबे ही माझी बरी चाल. सांडलवंड धरून डब्याला बारा लिटर पडतात. मोजायला दोणीच्या कडेला खडे ठेवते, पन्नास डबे झाले की एक खडा पलीकडे. एक खडा म्हणजे सहाशे लिटर. एका गुंठ्यावर सेंटिमीटरभर पाणी उभं करायला हजार लिटर लागतात, त्यामुळे साडेतीन खड्यांत दोन गुंठे होतात. थांबत, पाणी पीत, पाऊण ते एक तास. आज दोन गुंठे, उद्या दोन, परवा उरलेला एक, असं फिरवायचं. सकाळी उजाडताच करा. नऊनंतर ऊन माणसालाही सोसत नाही आणि पाणीही मुळांपर्यंत जायच्या आधीच उडतं.

पाटात पाणी मुरू देऊ नका. जांभ्याची माती चाळणीसारखी असते, आणि घाम गाळून काढलेलं पाणी वाटेतच गेलेलं बघवत नाही. दोणीपासून मळ्यापर्यंत पोफळीच्या पन्हळी टाका. वाशाला नको म्हटलेली पोफळ इथे उत्तम चालते: उभी चिरायची, आतला मऊ गर काढायचा, की पन्हळ तयार. जोडावर एक पन्हळ दुसरीत वीतभर शिरली पाहिजे. उतार फार नको, पाणी चालत गेलं पाहिजे, धावत नाही. वाफ्याच्या तोंडाशी पोफळीची विरी, म्हणजे तिच्या पानाचा रुंद देठ, ठेवा, म्हणजे धार मातीत खड्डा पाडत नाही.

लाट चालवायला लागल्यापासून एप्रिलमध्येही आमचं पाणी गोडं आहे. सकाळी उपसलं की संध्याकाळपर्यंत झरे पुन्हा तेवढं भरतात. मी रोज दांडीवर खिळ्याने खूण करून बघते, पाणी कालच्या खुणेपेक्षा चार बोटं खाली दिसलं तर त्या दिवशी एक खडा कमी करते.

मृगाच्या आधी लाट उतरवा. वासा बाहेर भिजत ठेवला तर पावसाळ्यात वाळवी आणि बुरशी दोन्ही लागतात. आधी पुढचं टोक खांबाच्या रेषेत दोरीने जमिनीशी बांधा, आणि मगच शिंक्यातले दगड एकेक करून काढा. उलट केलंत तर वासा उसळेल. या कामाला दोन माणसं हवीत. मग तार सोडा, वासा पडवीच्या आढ्याला आडवा टांगा, आसाला कडू तेल चोपडून फडक्यात गुंडाळा. दगडांवर कोळशाने आकडे घाला आणि शिंक्यातच ठेवून द्या, म्हणजे कार्तिकात पुन्हा जुळवत बसावं लागत नाही.