अंगणवाडीत रुजू झालेल्या नव्या ताईंसाठी

सेविकेच्या भरतीला आता बारावी पासची अट आहे. त्यामुळे शिकलेल्या, मोबाइल सहज हाताळणाऱ्या मुली या कामात येतायत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण दोन-तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी कुणाशीही बोललं की एकच ऐकू येतं, "ताई, दिवसभर नुसती माहितीच भरतेय." त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

अंगणवाडीतून सहा सेवा द्यायच्या असतात: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज असलेल्याला दवाखान्यात पाठवणं), आहार आणि आरोग्य शिक्षण, आणि पूर्वशालेय शिक्षण. पहिल्या पाचांबद्दल तुम्हाला कुणी ना कुणी विचारणारच. वजनं झाली का, टीएचआर (घरी न्यायचा आहार) वाटला का, लसीकरणाला किती आले, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंद पडली का. सहाव्या सेवेचा जाब विचारायचा हक्क ज्याचा आहे तो तीन वर्षांचा आहे आणि त्याला तो विचारता येत नाही. म्हणून ती सेवा सगळ्यात आधी मागे पडते. रुजू झाल्यापासूनच सवय लावून घ्या: मुलं समोर असताना रजिस्टर उघडायचं नाही. हजेरी आणि आहाराची नोंद लागते तेवढी करा, बाकी सगळं मुलं घरी गेल्यावर. मदतनीस ताईंशी सुरुवातीलाच बसून कामं वाटून घ्या. खिचडी शिजत असताना कुकरकडे दोघींनी बघायची गरज नसते.

मग त्या वेळात करायचं काय? प्रशिक्षणात 'आकार' अभ्यासक्रम मिळतो, तो चांगला आहे, जवळ ठेवा. पण खरी सुरुवात गप्पांपासून करा. मुलं गोलात बसली की काल घरी काय झालं ते विचारा. कुणाची शेळी व्याली, कुणाकडे मामा आला. मूल घरच्या बोलीत बोललं तर बोलू द्या. अहिराणी असो, वारली असो, कोरकू असो, त्याच बोलीत उत्तर द्या. शाळेची मराठी गाण्यांतून, गोष्टींतून हळूहळू येते. पहिल्या महिन्यात "असं नाही, असं म्हण" करून प्रत्येक वाक्य सुधारलंत तर मूल गप्प बसतं आणि मग पुढे कितीतरी दिवस तोंड उघडत नाही. नोकरीसाठी त्याच गावची रहिवासी असण्याची अट आहे, तिचा सगळ्यात मोठा फायदा मला इथेच दिसतो. मुलाची बोली तुमच्या कानाला आधीपासून ओळखीची असते.

आता अंकांचं सांगते. आमच्याकडे एक चार वर्षांची मुलगी यायची. वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणायची, घरच्यांना फार कौतुक. तिच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवला आणि म्हटलं, मला तीन दे. तिने मूठभर उचलून दिले. मी मोजायला सांगितलं तेव्हा तिचं बोट एका चिंचोक्यावर आणि तोंडात "चार, पाच, सहा". आकडे तिला पाठ होते, मोजणं अजून यायचं होतं. मग आम्ही रोज थोडा वेळ फक्त देण्याघेण्याचा खेळ सुरू केला. एक चिंचोका उचलायचा, वाटीत टाकायचा, टाकताना एकच आकडा म्हणायचा. खाऊच्या वेळी तिला ताटल्या वाटायला दिल्या, प्रत्येकापुढे एक. दिवाळीच्या सुट्टीआधी ती न चुकता पाच द्यायला लागली. पाचाच्या पुढे मी तिला ढकललं नाही. तुम्हीही घाई करू नका. पाचापर्यंतचं मोजणं पक्कं झालं की पुढचं पुष्कळ आपसूक येतं.

लिहिण्याचंही तसंच आहे. तीन-चार वर्षांच्या हातात पेन्सिल देऊन 'अ' गिरवून घेण्यापेक्षा माती मळू द्या, मणी ओवू द्या, जुना पेपर फाडून चिकटवू द्या, भेंडीचे ठसे मारू द्या. बोटांत ताकद आली की अक्षर वळतं. पण पालक हे सहजासहजी ऐकत नाहीत, कारण शेजारच्या गावातल्या नर्सरीत मूल एबीसीडी लिहितं. वाद घालू नका. आयांना वर्गात बोलवा, मुलांसोबत बसवा, वाळूत रेघा काढायला लावा. मूल किती वेळ मन लावून बसतं ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे. नवीन शिक्षण धोरणानेही (2020) तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळातून शिकण्यावरच भर आहे. पालक सभेत हे जरूर सांगा.

साहित्य नाही म्हणून अडून बसू नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी दगड, शिंपले, बिया, पानं, फुलं वापरली. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर हे काम पुढे वाढलं. अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती सरकारची बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, म्हणजे हे सगळं तिच्या कितीतरी आधीचं. आपण ज्या अंगणवाडीत बसतो तिची मुळं इथे आहेत, हे नव्या ताईंना कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

वजन-उंचीबद्दल थोडंच सांगते, पण ते चोख करा. काटा शून्यावर आहे का बघा, स्वेटर आणि चपला काढा. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून घ्यायची, त्यापुढच्याची उंची उभं करून. दंडघेराची पट्टी डाव्या दंडाच्या मधोमध लावायची, घट्ट आवळायची नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली आला तर ते मूल तीव्र कुपोषित. त्याच दिवशी आशा ताई आणि नर्सताईंना कळवायचं, महिनाअखेरच्या अहवालाची वाट बघायची नाही. आकडा वाईट आला म्हणून तो थोडा वर सरकवून लिहा असं कुणी सुचवलं तरी ऐकू नका. त्या एका आकड्यावर त्या मुलाचे उपचार ठरतात.

पैशांचं आधीच माहीत असू द्या. हातात येतं ते मानधन, वेतन नव्हे. ते कधी उशिरा होतं. पण 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा (काम सोडताना मिळणाऱ्या रकमेचा) कायदा लागू होतो असा निकाल दिलाय. म्हणून नियुक्तीचं पत्र, रुजू झाल्याचा दाखला, मानधन जमा झाल्याचं पासबुक, सगळं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा.

आणि पहिलीत जाणाऱ्या मुलांचं बघा. 'पहिले पाऊल' शाळापूर्व तयारी मेळावा जिल्हा परिषदेच्या शाळेत भरतो, त्याला आयांना घेऊन जा. त्याआधीच एखाद्या सकाळी मुलांना शाळेत न्या. वर्ग कुठला, पाणी कुठे प्यायचं, संडास कुठे आहे हे दाखवा. गुरुजींना किंवा बाईंना प्रत्येक मुलाबद्दल तोंडी सांगा: हा अनोळखी माणसाशी बोलायला वेळ घेतो, हिला डाव्या हाताने लिहायची सवय आहे, तिचा हात बदलू नका. जूनमध्ये पहिले आठ-दहा दिवस शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी जाऊन या. एखादं मूल यायचं बंद झालं असेल तर ते तुम्हाला तिथेच कळेल आणि त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जाता येईल.