वाऱ्यात तंबू आणि ताडपत्री उभारताना या चुका टाळा

सह्याद्रीच्या माथ्यावर तंबू उडाला की दोष वाऱ्याला दिला जातो; सकाळी जागा पाहिली तर ताणाच्या दोऱ्या मात्र दुकानातून आल्या तशाच गुंडाळलेल्या, पिशवीत सापडतात. महागडा तंबू आपोआप उभा राहतो, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी लक्षात घ्यावे की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे संध्याकाळच्या झुळकीत तंबू टिकला यावरून रात्रीविषयी काहीच सिद्ध होत नाही.

सर्वांत अधिक आढळणारी चूक म्हणजे संध्याकाळी वारा ज्या दिशेने लागतो तेवढीच दिशा खरी मानणे. घाटमाथ्याच्या पश्चिम कड्यांवर हिवाळ्यात दिवसा वारा कोकणातून वर चढतो. सूर्य मावळून जमीन निवली की तो मंदावतो आणि पुष्कळदा रात्री पठारावरून उलट कड्याकडे वाहू लागतो. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या बाजूला एका डिसेंबरात आमच्या शेजारी उतरलेल्या मंडळींनी पश्चिमेकडच्या दोनच मेखा ठोकल्या, मागच्या कोपऱ्यांत सॅक ठेवल्या आणि ‘वारा तर समोरून आहे’ असे सांगून ते जेवायला बसले. मागची बाजूही बांधून घ्या, असे मी दोनदा सुचवले, पण त्यांना सूर्यास्ताचे फोटो राहून गेल्याची हळहळ अधिक होती. पहाटेच्या सुमारास पठाराकडून आलेल्या झोताने तंबूची मागची बाजू उचलली. आतले दोघे घाबरून बाहेर आले, आणि त्यांचे वजन जाताच तंबू मेखा उपसून, सॅकांसकट कड्याच्या दिशेने लोळत गेला. कारवीच्या जाळीने तो अडवला म्हणून परत मिळाला; पोल मात्र चिरले होते. मी तंबू कड्यापासून बराच आत, उंचवट्याच्या किंवा झुडपांच्या आडोशाला लावतो, त्याची अरुंद बाजू वाऱ्याकडे आणि दार आडोशाकडे ठेवतो, आणि हवा पूर्ण पडलेली असली तरी चारही बाजूंच्या दोऱ्या ताणल्याशिवाय चूल पेटवू देत नाही. दवाने भिजलेली नायलॉनची दोरी सैल पडते, म्हणून निजण्यापूर्वी एक फेरी मारून प्रत्येक दोरी पुन्हा ओढून घेणे हा नेम मी मोडत नाही.

दुसरी चूक मेखांची. मेख सरळ उभी ठोकली की धक्क्यागणिक ती वर सरकत जाते. तिचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेले असावे, म्हणजे दोरीचा ओढ तिच्याशी साधारण काटकोनात येतो. परंतु गडमाथ्यावर चार बोटे मुरूम आणि त्याखाली कातळ असतो, तिथे मेख वाकते, आत जात नाही, आणि उतावळे लोक तिच्यावर एक धोंडा टेकवून काम झाले असे मानतात. तिथे मेखेचा नाद सोडावा. दोरीचे टोक नारळाएवढ्या दगडाला बांधावे, त्याच्या पुढे तंबूच्या बाजूला दोन्ही हातांनी जेमतेम उचलेल असा मोठा दगड ठेवावा आणि दोरी त्याच्या बुडाखालून काढावी. ताण आला की लहान दगड मोठ्याला अडतो आणि ओढ जमिनीलगत राहतो. कातळाच्या धारेवर दोरी घासत असेल तर मध्ये जुन्या कापडाची घडी द्यावी. यासाठी तटाचे किंवा जुन्या जोत्याचे चिरे उपसणाऱ्यांना मात्र गडावर मुक्कामाचा अधिकारच नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाऱ्यात तंबू पसरताना वाऱ्याकडची कड आधी अडकवावी आणि मगच पोल घालावेत. वाळलेल्या फांद्यांखाली तंबू लावू नये. वारा लागतो म्हणून तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नये. कापड पेट घेते आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो.

ताडपत्रीच्या बाबतीत लोक तिला मांडवासारखी उंच आणि सपाट बांधतात, आणि मग ती रात्रभर फडफडते म्हणून कुरकुरतात. वाऱ्याकडची कड जमिनीला टेकवून दुसरी बाजू जेमतेम बसण्याइतकी उंच ठेवावी. स्वस्त ताडपत्रीच्या कडेच्या धातूच्या कड्या झटक्याने उपटतात. त्यांच्यावर विसंबण्याऐवजी मी कापडात आतून लिंबाएवढा गुळगुळीत खडा धरून त्याच्या मानेभोवती दोरी आवळतो, म्हणजे पाहिजे त्या जागी दोरीला भक्कम बंद मिळतो. दोरीला निरगाठ मारू नये, कारण काळोखात गारठलेल्या बोटांनी ती सुटत नाही. ताण कमी-जास्त करता येईल अशी सरकगाठ घरीच शिकून यावी.

एवढे करूनही पोल कमानीसारखे जमिनीकडे वाकू लागले, तर ते मोडण्याची वाट न पाहता काढून घ्यावेत, तंबू आडवा पाडावा, त्याच्यावर दगड ठेवावेत आणि सामानासह सर्वांनी एखाद्या देवळाचा किंवा गुहेचा आसरा गाठावा.