जेटीवर फॉर्म घेऊन जायच्या आधी हे वाचा

मासेमारी बोटींवरच्या खलाशांत एचआयव्ही प्रतिबंधावर थिसिस करणारी पोरं माझ्याकडे येतात ती साडेतीनशे फॉर्म भरून झाल्यावर, आणि म्हणतात सर जरा पी व्हॅल्यू (दिसलेला फरक नुसता योगायोग असू शकतो का, ते सांगणारा आकडा) काढून द्या ना. अरे, मासळी नासल्यावर बर्फ घालून काय उपयोग! फॉर्म छापायच्या आधी या.

आधी मोजायचं काय ते ठरवा. देशात मोठ्या माणसांत एचआयव्हीचं प्रमाण साधारण 0.2 टक्के, तेच इथे धरलं तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात 400 खलाशी तपासून एखादा पॉझिटिव्ह निघेल नाहीतर एकही नाही. आणि 300 मधे शून्य आले म्हणून "इथे लागण नाही" असं लिहू नका, शून्य आलं की 3 भागिले तपासलेली माणसं हा ठोकताळा, म्हणजे 3 भागिले 300 करा, खरं प्रमाण 1 टक्क्यापर्यंत असू शकतं. 2010 च्या आयप्रेक्स ट्रायलमधे (एचआयव्ही टाळायला रोज घ्यायच्या गोळीची चाचणी) 2499 जण होते, पण गोळीने लागण 44 टक्क्यांनी घटते हे ठरलं ते 100 नव्या लागणींवरून, औषधवाल्या गटात 36 आणि नुसत्या दिखाऊ गोळीवाल्यांत 64. थिसिसच्या बजेटात एवढ्या नव्या लागणी मोजणं होत नाही, कंडोम वापरतात का, टेस्ट केली का, एवढंच धरा.

आता सॅम्पल, म्हणजे किती जणांना विचारायचं ते. सगळे 384 घेतात, कारण पुस्तकात तसं असतं. पण एका बोटीवरचे खलाशी बरेचदा एकाच गावचे, एका टोपातलं जेवणारे, बंदराला लागल्यावर फिरायलाही एकत्र, त्यामुळे उत्तरंही सारखीच. बोटीमागे 6 जण घेतले आणि त्यांच्यातलं साम्य (0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे अगदी सारखं) 0.2 धरलं तर 1 अधिक 5 (सहातून एक वजा) गुणिले 0.2, म्हणजे 2, सॅम्पल थेट दुप्पट, 768. बोटीमागे दोघंच घ्या, 461 वर भागतं. पायपीट वाढते, ती करा.

फॉलोअप, म्हणजे त्याच माणसांना पुन्हा भेटायचं असेल तर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, खलाशी गावी, कोणी थेट नेपाळला, तेव्हा शोधून सापडणार नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर सुरू करा, मे संपायच्या आत आटपा.

एक्सेलमधे "आठवत नाही" ला 99 टाकलं असेल तर सरासरीआधी काढा, एकाने जोडीदारांची सरासरी 14 आणली होती!

आणि शीटमधे नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नका. बोटीचं नाव, वय, मूळ गाव, तीन कॉलम शेजारी ठेवले की जेटीवरचा चहावालासुद्धा माणूस ओळखतो. 2017 च्या एचआयव्ही कायद्यात गुप्तता बंधनकारक आहे. बोटीला नुसता नंबर द्या, नंबरांची यादी वेगळ्या वहीत, आणि ती वही मलासुद्धा दाखवू नका.