व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना गडबड होतेय? नेमकी कुठे ते असं शोधा

लग्नाची, मुंजीची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला बसलं की चित्र हलतं, रंग जातो, आवाज मागे पडतो आणि बहुतेक जण लगेच सॉफ्टवेअर बदलत सुटतात. माझं मत पक्कं आहे, सॉफ्टवेअरला हात सगळ्यात शेवटी. सिग्नल ज्या वाटेने येतो त्याच वाटेने बिघाड शोधत जायचं, आधी कॅसेट, मग व्हीसीआर, मग केबल, मग व्हीसीआरचा सिग्नल कॉम्प्युटरला देणारं ते यूएसबी कॅप्चर कार्ड आणि मग कॉम्प्युटर. कारण टेप दर वेळी चालवली की थोडी तरी झिजते, त्यामुळे सेटिंग जमवण्यासाठी घरच्या लग्नाची कॅसेट पुन्हा पुन्हा फिरवायची नाही. त्यासाठी टीव्हीवरून कधीतरी रेकॉर्ड केलेली मॅच बिच असेल ती घ्या. कंपनीची छापील पिक्चरची कॅसेट मात्र टेस्टला नको, तिच्यात कॉपी होऊ नये म्हणून मॅक्रोव्हिजन असू शकतं, त्याने चित्र मधेच उजळतं मधेच मंदावतं आणि आपल्याला वाटतं कार्ड गेलं.

कॅसेट हातात घेतली की दोन गोष्टी. कडेची रेकॉर्डिंगची प्लॅस्टिकची टिकली शाबूत असेल तर आधी तोडून टाका, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी लग्नावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. आणि खिडकीतून टॉर्च मारून बघा. टेप एकसारखी काळपट, चकचकीत दिसली पाहिजे. रिळाच्या कडेवर पांढरी पावडर, ठिपके, जाळं असं काही दिसलं तर ती बुरशी आहे, कोकणात, मुंबईत, गोव्यात कपाटात पडून इतके पावसाळे काढलेल्या कॅसेटींना ती फार लागते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही. बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटते, टेप अडकून तुटू शकते आणि नंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही ती घाण लागते. वेगळ्या पिशवीत ठेवा आणि टेप साफ करून देणाऱ्याकडे द्या. स्वच्छ कॅसेट असेल तर ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टेपचा ताण त्याने सारखा होतो.

आता व्हीसीआर थेट टीव्हीला लावा, कॉम्प्युटर मध्ये नकोच. टीव्हीवरच चित्र खराब असेल तर कार्डाचा काही दोष नाही. आवाज स्वच्छ येतोय पण चित्रात नुसत्या मुंग्या, ही सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार आणि तिचा अर्थ बहुतेक वेळा एकच, व्हिडिओ हेड घाण झालंय. साधा आवाज टेपच्या कडेवरून एक स्थिर हेड वाचतं, चित्र मात्र फिरणाऱ्या ड्रमवरची बारीक हेड वाचतात, म्हणून एक चांगलं आणि दुसरं गायब असं होऊ शकतं.

साफ करायचं तर प्लग काढून ठेवा, थोडा वेळ जाऊ द्या, मग वरचं झाकण खोला आणि पॉवर सप्लायच्या बाजूला हात लावू नका. मधोमध तिरका बसवलेला चकचकीत ड्रम दिसेल. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मेडिकलमधलं पाणी मिसळलेलं नको. साध्या कागदाची पट्टी त्यात भिजवून ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून हळूहळू फिरवायचा. पट्टी वर-खाली घासायची नाही, हेडची टोकं इतकी नाजूक असतात की तेवढ्यानेही तुटतात. कानात घालायचा कापूस तर अजिबात नको, त्याचे धागे अडकतात. कागदावर काळी-तपकिरी रेघ उमटली की समजा घाण निघतेय, रेघ यायची थांबेपर्यंत नवी पट्टी घेत राहा आणि पूर्ण वाळल्याशिवाय कॅसेट घालू नका. हे जमणार नाही असं वाटलं तर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत जुन्या मेकॅनिककडे चौकशी करा, पण लवकर करा, व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या, फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि आता पार्टही सहज मिळत नाहीत.

चित्रावर आडवा पट्टा येत असेल तर व्हीसीआरवरचं ट्रॅकिंगचं बटण फिरवा. अगदी तळाशी दोन बोटं चित्र फाटल्यासारखं दिसतं त्याच्या मागे लागू नका, ते सगळ्याच व्हीएचएसमध्ये असतं, जुना टीव्ही तो भाग कडेला लपवायचा एवढंच. वरचा भाग एका बाजूला वाकत असेल तर टाइमिंगचा प्रश्न आहे. त्यासाठी टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलचं टाइमिंग नीट करणारं यंत्र, लागतो, तो महाग पडतो, पण जुना डीव्हीडी रेकॉर्डर मिळाला तर सिग्नल नुसता त्याच्यातून काढून पुढे कार्डाला द्या, काही मॉडेलमध्ये तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

टीव्हीवर सगळं ठीक आणि कॉम्प्युटरवर नाही, तर मग पुढचं बघा. चित्र ब्लॅक अँड व्हाइट येत असेल तर कार्ड बहुतेक एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही सिग्नलच्या पद्धतीवर आहे, आपल्या कॅसेटींना आपल्याकडची पद्धत, पाल बी लागतं, ७२० बाय ५७६ आणि २५ फ्रेम. उलट अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससी असते, तिला ७२० बाय ४८० आणि व्हीसीआरही मल्टिसिस्टिम हवा. विंडोज १० किंवा ११ वर चित्र काळंच, आवाज शून्य असेल तर प्रायव्हसीमध्ये कॅमेरा आणि मायक्रोफोनची परवानगी चालू आहे का बघा, कारण विंडोज त्या कार्डाला कॅमेरा आणि माईकच समजतं. आवाज एकाच चॅनलमध्ये येतोय तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या कार्डाला दोन चॅनल, ४८००० हर्ट्झ करा. हम, म्हणजे सतत घुंईं असा आवाज, येतोय तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आणि रेकॉर्डिंग ४ जीबीला येऊन थांबत असेल तर डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे, ती एनटीएफएस करा, अर्थात आतला माल आधी दुसरीकडे हलवून.

आवाज हळूहळू मागे पडत जाणं हे सगळ्यात वैतागवाणं. बऱ्याचदा मधल्या फ्रेम गळत असतात. कार्ड यूएसबी हबला नको, सरळ कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा, कॅप्चर चालू असताना ब्राउझर, अँटिव्हायरस स्कॅन असलं काही नको. कॅप्चरसाठी व्हर्च्युअलडब हे सॉफ्टवेअर वापरलं तर किती फ्रेम गळल्या, किती घुसवल्या ते समोर आकड्यात दिसतं, म्हणून मला ते आवडतं. टेपमध्ये मधेच कोरी जागा असेल तर सिग्नल तुटतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो, तिथे थांबून पुढचा भाग वेगळ्या फाइलमध्ये घ्या. व्हीसीआरच्या मेनूमध्ये ब्लू स्क्रीन असेल तर ती बंद करा, सिग्नल जरा कमजोर झाला की ती चांगलं चित्रही झाकून टाकते.

चित्रात कुणाचा हात हलला की त्याच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात तो बिघाड नाही, व्हीएचएस इंटरलेस्डच असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्या चित्रांची बनते. कॅप्चर करताना डीइंटरलेस करू नका, म्हणजे ती अर्धी चित्रं एकत्र करू नका, हफवाययूव्हीसारख्या लॉसलेस, म्हणजे चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या, कोडेकमध्ये जसंच्या तसं घ्या, तासाला साधारण ३० जीबी जातील, जाऊ देत. नंतर घरच्यांना द्यायची कॉपी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेसला बॉब निवडून, म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्राची वेगळी फ्रेम करून, सेकंदाला ५० फ्रेमची करा, नवरा-नवरी हार घालतानाची हालचाल त्यात खूप मऊ दिसते. मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. आणि कॅसेटही टाकू नका, पूर्ण गुंडाळून, उभी, कोरड्या जागी सिलिका जेलची पुडी घालून ठेवा, पुढे कधी चांगलं मशीन हाताला लागलं तर परत घेता येईल.