जुनं टू-स्ट्रोक इंजिन रिस्टोअर केलं, पण सुरूच होत नाही? या चुका टाळा

इंजिन उघडलं, धुतलं, रिबोर केलं (सिलिंडर आतून कापून थोडा मोठा केला), नव्या पॅकिंगवर बसवलं, रंग चढवला. टाकीत पेट्रोल घालून किक मारली, तर काहीच नाही. किंवा सुरू झालं, आपोआप रेस वाढत गेली आणि बंद पडलं. अशा वेळी जवळजवळ प्रत्येकाचा हात आधी कार्ब्युरेटरकडे जातो. जेट बदलले जातात, एअर स्क्रू आत-बाहेर होतो, नीडलची क्लिप एक खाच वर, एक खाच खाली. माझं मत याबाबतीत ठाम आहे: इंजिन हवाबंद आहे आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बरोबर आहे याची खात्री होईपर्यंत स्वच्छ केलेल्या कार्ब्युरेटरची सेटिंग हलवायचीच नाही. नाहीतर मूळ बिघाड तसाच राहतो आणि त्यावर आपण केलेला दुसरा बिघाड चढतो.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: ऑइल सील गृहीत धरणं

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस (क्रँक जिच्यात फिरते ती खालची पेटी) ही फक्त ऑइलची जागा. टू-स्ट्रोकमध्ये तिचं काम पंपाचं असतं. पिस्टन वर जाताना खाली क्रँककेसमध्ये दाब कमी होतो आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल, हवा आणि ऑइलचं मिश्रण आत खेचलं जातं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टांतून सिलिंडरमध्ये चढतं. या पंपाला कुठेही फट राहिली, तर कार्ब्युरेटर कितीही उत्तम असला तरी उपयोग नाही.

फट राहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: क्रँकच्या दोन टोकांची ऑइल सील, क्रँककेसचा सांधा, ब्लॉकखालचं पॅकिंग आणि कार्ब्युरेटरचा मॅनिफोल्ड (तो इंजिनाला जोडणारी नळी). यांत सील सर्वात दगाबाज. गाडी बरीच वर्षं उभी राहिली की सीलचं रबर कडक होतं आणि ओठ (आतली रबरी कड) शाफ्टला धरत नाही. बाहेरून मात्र ते धडधाकट दिसतं, म्हणून ‘सील चांगली होती, तीच ठेवली’ असं होतं. इंजिन उघडलंच आहे तर सील नवीच घालावीत. बसवताना ओठाला ग्रीस किंवा टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल लावावं आणि शाफ्टच्या खाचांवरून सील सरकवताना तिथे पातळ प्लास्टिक गुंडाळावं. त्या खाचेच्या धारेने ओठ कापला गेला, तर नवं सील पहिल्या दिवसापासून गळकं.

कोणत्या बाजूचं सील गेलंय हे इंजिन स्वतःच सांगतं. पॉइंट (ठिणगीसाठी उघड-मीट करणारे संपर्क) किंवा मॅग्नेटो (वीज तयार करणारा भाग) यांच्या बाजूचं गेलं असेल तर बाहेरची हवा आत येते. मग रेस सोडली तरी आवाज पटकन खाली येत नाही, आयडलिंग एका जागी ठरत नाही, इंजिन लवकर तापतं आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टन पकडतो. क्लचच्या बाजूचं गेलं असेल तर इंजिन तिकडचं ऑइल पितं. सायलेन्सरमधून दाट धूर निघत राहतो, प्लग ओला आणि काळा होतो आणि केसमधली ऑइलची पातळी कमी होत जाते, पण जमिनीवर थेंबही दिसत नाही. हे दिसल्यावर ‘टू-टी जास्त झालं असेल’ म्हणून मिश्रणातलं ऑइल कमी करणं फार धोक्याचं आहे.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा प्रेशर टेस्ट करावी. इंजिन फ्रेममध्ये चढवण्याआधी केली तर उत्तम. एक्झॉस्ट पोर्टवर रबराचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी आवळून तो बंद करा. कार्ब्युरेटरच्या जागी मॅनिफोल्डच्या तोंडात जाड रबरी बूच बसवून त्यातून एक नळी काढा. त्या नळीला हातपंप आणि कमी दाबाचं मीटर जोडा. ५ ते ६ पीएसआय एवढाच दाब द्यायचा. मोठ्या कॉम्प्रेसरची हवा सोडली तर चांगली सीलही जागेवरून उखडतात. दाब काही मिनिटं जवळपास तसाच टिकला पाहिजे. काटा भराभर उतरत असेल तर साबणाचं पाणी ब्रशने एकेका सांध्यावर लावत जा. सीलच्या कडेला बारीक फेस धरतो, फुगे एकामागून एक वर येतात आणि आठवडाभराची डोकेफोड तिथेच संपते. एवढ्या कामाचा कंटाळा करून थेट किक मारणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते, कारण हवा खेचणाऱ्या इंजिनात नवा पिस्टन आणि नवा रिबोर एका फेरीत वाया जाऊ शकतो.

रंगाखाली दडलेली आर्थिंग

ही चूक खास रिस्टोअर केलेल्या गाड्यांची. इग्निशन कॉइलची पकड, इंजिन माउंटिंग, पॉइंटची प्लेट या सगळ्या जागांवर पावडर कोटिंग किंवा रंगाचा थर बसतो. रंगातून वीज जात नाही. कॉइल नवी, कंडेन्सर नवा, वायरिंग नवं, तरी करंट नाही किंवा अगदी मरतुकडा. नट-बोल्टच्या खालचा रंग घासून धातू उघडा करा, आणि इंजिनपासून फ्रेमपर्यंत एक जाड आर्थिंगची वायर वेगळी टाका.

प्लग बाहेर काढून, हेडला टेकवून ठिणगी पाहिली आणि ‘करंट आहे’ म्हटलं, हेही अर्धवट निदान. उघड्या हवेत उडणारी ठिणगी सिलिंडरच्या दाबाखाली उडेलच असं नाही. ५-६ मिमीच्या फटीतून निळी, टणक ठिणगी उडाली तरच कॉइलवर भरवसा ठेवा. हे तपासताना प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा. किक मारल्यावर तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते.

पॉइंटची गॅप बहुतेक जुन्या गाड्यांत ०.३ ते ०.४ मिमी असते. आधी गॅप, मग टायमिंग, हा क्रम उलटा करू नका. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे सरकतं. टायमिंग लावल्यावर गॅप हलवली तर आधीचं काम फुकट. पुस्तिकेत टायमिंग बहुधा टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या बिंदूच्या) आधी अमुक मिमी असं दिलेलं असतं. ते प्लगच्या भोकात डायल गेज लावून मोजावं. प्लगचं भोक तिरकं असेल तर गेजवरचा आकडा आणि पिस्टनची खरी हालचाल जुळत नाही, तेव्हा हेड काढून मोजलेलं बरं. नवे पॉइंट पाकिटातून काढल्यावर त्यांवरचा तेलकट थर स्पिरिटने पुसायचा असतो, हे पुष्कळ जण विसरतात.

गाडी थंडपणी छान चालते, तापली की मिसिंग करून बंद पडते आणि गार झाल्यावर पुन्हा सुरू होते? कॉइल किंवा कंडेन्सर. इथे कार्ब्युरेटर उघडण्यात अर्थ नाही.

टायमिंग फारच पुढे गेलं तर टू-स्ट्रोक इंजिन उलटंही फिरू शकतं. आवाज जवळपास नेहमीसारखाच येतो, पण पहिला गिअर टाकून क्लच सोडला की गाडी मागे जाते. म्हणून पहिल्यांदा सुरू केल्यावर क्लच हळूच सोडा आणि मागे कोणी उभं नाही ना, ते पाहा.

‘जरा जास्तच ऑइल घालू’

नव्या इंजिनाच्या मायेपोटी केली जाणारी चूक. जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, म्हणजे इंधनाच्या दृष्टीने मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतं. शिवाय प्लग भिजतो आणि सायलेन्सर काजळीने भरतो. गाडीच्या पुस्तिकेत जे प्रमाण दिलं असेल तेच धरा. २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिलि, ५० ला १ असेल तर २० मिलि. मापाच्या भांड्याने मोजा, झाकणाने नको. एरंडेल आधारित रेसिंग ऑइल आणि साधं टू-टी एकत्र करू नका. गाडीला ऑइल पंप असेल तर नळीतली हवा काढून पंप चालतोय याची खात्री होईपर्यंत टाकीतही मिश्रणच घाला.

पेट्रोल ताजंच हवं. टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर पायलट जेटमध्ये (कमी रेसचं पेट्रोल देणाऱ्या बारीक छिद्रात) साचतो आणि मग गाडी फक्त चोकवरच चालते. हा जेट फुंकून किंवा सुई घालून साफ करू नका. कार्ब क्लीनर आणि तांब्याच्या वायरीची एक बारीक तार पुरे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या कॉर्कच्या फ्लोटवरचं लाखेचं आवरण विरघळतं. फ्लोट जड होऊन बुडतो आणि कार्ब्युरेटर ओसंडतो.

आणि पेट्रोल कॉक. तो रात्रभर गळला तर इंधन क्रँककेसमध्ये साचतं. किक जड लागते, प्लग चिंब होतो. मग कॉक बंद करा, प्लग काढून टोपीसकट आर्थला टेकवून लांब ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि किक मारत राहा. क्रँककेसला ड्रेन स्क्रू असेल तर आधी तो उघडा.

बांधणीतल्या चुका

रिबोरनंतर पोर्टांच्या कडा धारदार राहतात. त्यांना बारीक उतार दिला नाही तर रिंग अडकून मोडते. वर्कशॉपवाल्याने ते केलंय हे गृहीत धरू नका, बोट फिरवून पाहा. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगांची टोकं खुंट्यांवर, सर्कलिप नव्या. बाजारातलं ब्लॉकचं पॅकिंग ट्रान्सफर पोर्टांच्या तोंडावर येत नाही ना, हे ब्लॉकवर धरून पाहा. येत असेल तर कापा.

सँड किंवा ग्लास ब्लास्टिंग केलेल्या क्रँककेसबद्दल मी सगळ्यात हट्टी आहे. तो बारीक कचरा बेअरिंगच्या खाचांत, ट्रान्सफरच्या वळणांत, आटे पाडलेल्या भोकांत लपून बसतो. गरम पाणी, साबण, बाटलीचा ब्रश, मग हवा, आणि हे सगळं परत एकदा. पांढऱ्या कापडावर कण दिसेनासे होईपर्यंत क्रँक बसवू नका, कारण टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची बेअरिंग त्याच मिश्रणावर जगतात आणि कचरा थेट तिथे पोचतो.

सुरू झाल्यावर

उघड्या जागेत, जवळ अग्निशामक ठेवूनच सुरू करा. रेस हाताबाहेर गेली आणि चावीने बंद होत नसेल तर चोक पूर्ण लावा, किंवा ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा. पहिल्यांदा गरम होऊ द्या, मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि थंडपणीच हेडचे नट ठरलेल्या टॉर्कने पुन्हा आवळा. मिश्रणावर चालणारी गाडी लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गिअरमध्ये सोडू नका. थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही बंद.

प्लग निवडताना आकड्यांचा घोळ होतो. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर सोडणारा), बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. कंपनी बदलली तर तक्ता पाहूनच घ्या.

गाडी सुरू होते पण रेसच घेत नसेल तर सायलेन्सर पाहा. आतली जाळी काजळीने बुजलेली असते, कधी कुंभारमाशीचं घर असतं. आणि थोडं अंतर छान चालून बंद पडत असेल, थोड्या वेळाने आपोआप सुरू होत असेल, तर बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. ‘सूं’ करून हवा आत गेली तर झाकणातलं हवेचं भोक रंगाने किंवा क्रोमने बुजलंय. बारीक तारेने ते मोकळं करा आणि गाडी पुन्हा तेवढंच अंतर चालवून पाहा.